अंदाज आधी, माऊस नंतर: विज्ञानाच्या तासाला गेम आणि सिम्युलेशन

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शाळेत संगणक कक्ष आहे, चालू स्थितीतले संगणक बारा-तेरा, वर्गात मुलं पन्नासच्या आसपास. गेल्या वर्षी त्यांनी मुलांना काही शैक्षणिक गेम आणि सिम्युलेशन्स (संगणकावरचे आभासी प्रयोग) दिली. मुलं रमली, घंटा झाली तरी उठेनात. घटक चाचणीत मात्र काही फरक दिसला नाही, आणि वर काही पालकांनी विचारलं, "शाळेत गेम खेळायला पाठवतो का आम्ही?" तेव्हा हे खरंच उपयोगी आहे का, असेल तर निवडायचं कसं, आणि तासिकेत बसवायचं कसं?

मॅडम, उपयोगी आहे. काही संकल्पनांच्या बाबतीत तर फळा, पुस्तक आणि प्रयोगपेटी तिन्ही मिळून जे करू शकत नाहीत ते एक चांगलं सिम्युलेशन वीस मिनिटांत करतं. मी बरीच वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो, आणि या साधनांवर माझा मनापासून विश्वास आहे. पण मूल रमलं म्हणजे शिकलं असं होत नाही. दोन गोष्टी जुळाव्या लागतात. खेळात मुलाला जो निर्णय घ्यावा लागतो तो निर्णयच आपली संकल्पना असावी लागते. आणि स्क्रीनला हात लावण्याआधी काय होईल याचा अंदाज मुलाने लिहून बांधून घेतलेला असावा लागतो. तुमच्या वर्गात यातली एक किंवा दोन्ही गोष्टी राहून गेल्या असाव्यात असं मला वाटतं.

आधी निवडीबद्दल.

बाजारात आणि मोबाइलवर 'शैक्षणिक' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गेममध्ये खेळ वेगळा आणि अभ्यास वेगळा असतो. गाडी पळवा, मध्येच गुणाकाराचं गणित येईल, उत्तर बरोबर आलं की पेट्रोल मिळेल. इथे मुलाचं सगळं लक्ष गाडीत असतं आणि गणित हा मधला टोलनाका असतो. तो शक्य तितक्या लवकर ओलांडायचा, एवढंच मूल शिकतं. चार पर्याय असतील तर अंदाधुंद दाबत सुटतं. असा गेम पाठ असलेल्या गोष्टींचा सराव घ्यायला चालेल, नवीन काही शिकवायला नाही.

याच्या उलट जातीचा एक जुना नमुना सांगतो. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या संगणक प्रणालीवर १९७०च्या दशकात 'डार्ट्स' हा गेम होता. पडद्यावर एक उभी संख्यारेषा, तिच्यावर ठिकठिकाणी फुगे. फुगा नेमका कुठे आहे ते अपूर्णांकात टाइप करायचं, की बाण त्या जागी जाऊन लागतो. नेम चुकला तरी बाण कुठे लागला ते दिसतं, म्हणजे आपला अपूर्णांक मोठा झाला की लहान, ते मुलाला कोणी न सांगता कळतं. इथे नेम धरणं आणि अपूर्णांक समजणं ही एकच क्रिया आहे. शेरा मारायला मास्तर लागत नाही आणि गुणही लागत नाहीत.

हा फरक नुसता आवडीनिवडीचा नाही. ब्रिटनमधले जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी २०११ मध्ये एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी भागाकारावरचा एक गेम बनवला. त्यात सांगाडे अंगावर येतात, प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या असते, आणि त्या संख्येला निःशेष भाग जाईल अशा अंकाचं शस्त्र निवडून वार करायचा. त्याच गेमची दुसरी आवृत्ती अशी केली की सांगाड्यांशी लढाई गणिताविना, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तीच गणितं प्रश्नमंजुषा म्हणून. ७ ते ११ वर्षांच्या मुलांना दोन्हींवर सारखा वेळ दिला, तर गणित लढाईतच गुंफलेल्या आवृत्तीतून मुलं जास्त शिकली. आणि मोकळ्या वेळात काय खेळायचं ते मुलांवर सोपवलं, तेव्हा त्यांनी गुंफलेल्या आवृत्तीला सुमारे सातपट वेळ दिला.

म्हणून गेम निवडताना मी एकच गोष्ट बघतो: जिंकायच्या क्षणी मुलाचं बोट काय ठरवत असतं? बोट वेग ठरवत असेल तर मूल वेग शिकेल. बोट भाजक ठरवत असेल तर भाजक शिकेल. मुलांना देण्याआधी दहा मिनिटं स्वतः खेळा आणि मुद्दाम विचार न करता खेळून पाहा. विचार न करता जिंकता येत असेल तर तो बाजूला ठेवा. बिल्ले, नाणी, गुणांची क्रमवारी यांच्या झगमगाटाने फसू नका. शिवाय जो गेम मुलाचा मोबाइल नंबर किंवा खातं मागतो, जाहिराती दाखवतो, तो शाळेत आणूच नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं म्हटलं आहे. ती जबाबदारी विज्ञान शिक्षकाने विनाकारण अंगावर घेऊ नये.

आता सिम्युलेशन. तुमच्या विषयाला गेमपेक्षा हीच जास्त कामाची आहेत. गेममध्ये हरणं-जिंकणं असतं, सिम्युलेशनमध्ये नसतं. तिथे निसर्गाचा एखादा नियम आत बसवलेला असतो, बाहेर काही कळा आणि सरकपट्ट्या असतात, आणि 'हे बदललं तर काय होईल' एवढंच विचारायचं असतं. माझा सर्वांत जास्त अनुभव 'फेट'चा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात बोल्डर इथे कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना एरिक कॉर्नेल आणि वोल्फगांग केटर्ले यांच्यासह भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फेटची सिम्युलेशन्स मोफत आहेत, बरीचशी मराठीतही आहेत, आणि आपल्या शाळांच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी सोय म्हणजे नवी सिम्युलेशन्स एकेका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. पेन ड्राइव्हवरून प्रत्येक संगणकात टाका, नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडतात.

नववीला 'धाराविद्युत' आणि दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हे पाठ आहेत, म्हणून एकसर (एकापुढे एक) आणि समांतर (प्रत्येकाला वेगळी वाट) जोडणीचा तास मी कसा घेतो ते सविस्तर सांगतो. बाकीचं त्यावरून जुळवता येईल.

संगणक बंद. फळ्यावर एक विद्युतघट आणि एकसर जोडलेले दोन सारखे बल्ब काढतो आणि विचारतो: कोणता बल्ब जास्त उजळेल? पहिला, दुसरा, की दोघं सारखे? प्रत्येकाने वहीत पेनने उत्तर लिहायचं, खाली 'कारण' म्हणून एक वाक्य. खोडायचं नाही. मग हात वर करून मोजणी, आणि ती फळ्याच्या कोपऱ्यात. दरवेळी मोठा गट 'पहिला' म्हणतो आणि कारण असं लिहितो की पहिला बल्ब थोडी वीज वापरून टाकतो, उरलेली दुसऱ्याला जाते. ही समजूत फक्त आपल्याकडच्या मुलांची नाही, जगभरच्या मुलांमध्ये ती सापडलेली आहे, आणि ती अत्यंत चिवट आहे. ओहमचा नियम तोंडपाठ असलेली, उदाहरणं अचूक सोडवणारी मुलंही आतून हेच मानत असतात. घटक चाचणीत व्याख्या आणि सूत्रं विचारली की ही समजूत कधी उघडी पडतच नाही. तुमच्या चाचणीत फरक न दिसण्याचं हेही एक कारण असू शकतं, मॅडम. सिम्युलेशनने जे बदलतं ते त्या प्रश्नपत्रिकेत कदाचित विचारलेलंच नसेल.

मग संगणक सुरू. पहिली सात-आठ मिनिटं पूर्ण मोकळी. काही सूचना नाहीत. या वेळात प्रत्येक गट एकच गोष्ट हमखास करतो: बॅटरीची दोन टोकं सरळ वायरीने जोडतो आणि बॅटरीला ज्वाळा लागतात. खोलीत आरडाओरडा होतो. होऊ द्या. कोपऱ्यातल्या गटाला लागली, मग या गटाला लावायची असते. ही आग फार मोलाची आहे, कारण ती लावण्यासाठी मुलं एकमेकांना जे सांगत असतात ते 'मध्ये बल्ब ठेवू नको, नाही तर पेटत नाही' असं असतं. लघुपरिपथाची, म्हणजे शॉर्ट सर्किटची, व्याख्या त्यांनी स्वतःच्या शब्दांत केलेली असते. दहावीत वितळतार (फ्यूज) शिकवताना मी त्या आगीपासूनच सुरुवात करतो.

मोकळ्या वेळाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथेच शिक्षकांची घाई होते. फेटच्याच लोकांनी विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून निरीक्षणं केली, तेव्हा दिसलं की बारीकसारीक पायऱ्यांची कृतिपत्रिका हातात दिली की विद्यार्थी फक्त त्या पायऱ्यांपुरतीच बटणं दाबतात आणि पुढचं काही शोधायला जात नाहीत. प्रश्न मोजके आणि मोकळे ठेवले तर ते खूप जास्त धुंडाळतात. त्याच वेळी काहीच प्रश्न दिला नाही, तर मूल आगीवरच थांबतं. म्हणून माझ्या पत्रिकेवर जास्तीत जास्त तीन प्रश्न असतात आणि कुठेही 'अमुक बटण दाबा' असं नसतं.

पहिला प्रश्न फळ्यावरचाच. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहम रोधाचा (धारेला होणाऱ्या अडथळ्याचा) एक बल्ब जोडला की धारा मोजणारा ॲमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. दोन बल्ब एकसर जोडले की ०.४५. आता मुलांना सांगायचं, ॲमीटर पहिल्या बल्बाच्या आधी लावा, दोन बल्बांच्या मध्ये लावा, दुसऱ्याच्या नंतर लावा. तिन्हीकडे ०.४५. ज्यांनी पेनने 'पहिला' लिहिलंय त्यांचे चेहरे या क्षणी बघण्यासारखे असतात. काही मुलं ॲमीटर बिघडलाय म्हणतात आणि नवा घेतात. काही बॅटरी उलटी करून बघतात, म्हणजे 'पहिला' बल्ब दुसऱ्या बाजूचा होईल. हे अस्सल प्रयोग आहेत आणि ते कोणी शिकवलेले नाहीत. अंदाज लिहून घेतला नसता, तर याच मुलांनी ०.४५ पाहिलं असतं, मान डोलावली असती आणि पुढे गेली असती. स्वतःचं मत पणाला लागलेलं नसेल तर आकडा डोळ्यांसमोरून नुसता निघून जातो.

दुसरा प्रश्न समांतर जोडणीचा आणि तो जास्त अवघड आहे. एका बल्बाला समांतर तसाच दुसरा जोडला, तर बॅटरीतून निघणारी धारा कमी होईल, तेवढीच राहील, की वाढेल? पुन्हा पेन, पुन्हा कारण. बहुसंख्य मुलं 'तेवढीच' म्हणतात, कारण बॅटरी ठरावीक धारा देते आणि ती वाटली जाते अशी त्यांची कल्पना असते. प्रत्यक्षात ०.९०ची १.८० होते, तिसरा बल्ब जोडला की २.७०, आणि प्रत्येक बल्ब आधीइतकाच उजळ राहतो. बॅटरी विभवांतर (व्होल्टेज) टिकवते, धारा परिपथाप्रमाणे ठरते, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे. मुलांना ते पटतं ते तिसरा बल्ब जोडताना.

तिसरा प्रश्न हुशार मुलांना गुंतवून ठेवायला: एकसर जोडल्यावर धारा निम्मी झाली, मग प्रत्येक बल्बाची शक्तीही निम्मी झाली का? गणित करून पाहा. एकट्या बल्बाची ८.१ वॅट, एकसरमधल्या प्रत्येकाची सुमारे २ वॅट. चौथाई का झाली, यावर गटात भांडू द्या.

शेवटची दहा मिनिटं मॉनिटर बंद. हे मी कधीही सोडत नाही. स्क्रीन चालू असेपर्यंत मूल बोलत नाही आणि ऐकतही नाही. आता वहीतल्या पेनच्या उत्तराखाली लिहायचं: मला काय वाटलं होतं, काय दिसलं, माझ्या कारणात काय सुटलं होतं. चार-पाच मुलांनी वाचून दाखवायचं. शिकणं बरंचसं या दहा मिनिटांत होतं, आणि वेळ कमी पडला की शिक्षक नेमकी हीच कापतात. वेळ कमी पडत असेल तर तिसरा प्रश्न कापा.

'खऱ्या वायरी-बल्ब सोडून हे कशाला' असा आक्षेप वरिष्ठांकडून येतो, म्हणून एक अभ्यास माहीत असू द्या. २००५ मध्ये नोआ फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठातल्या पहिल्या पायरीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगतासांत एका गटाला खरं साहित्य दिलं, दुसऱ्याला हेच परिपथाचं सिम्युलेशन. नंतर दोघांनाही खरं साहित्य देऊन परिपथ जोडायला आणि समजावून सांगायला लावलं. सिम्युलेशनवर शिकलेल्यांनी खरा परिपथही जास्त चांगला जोडला आणि संकल्पनेच्या प्रश्नांतही ते पुढे राहिले. कारण समजण्यासारखं आहे. खऱ्या पेटीत अर्धा तास सैल जोडण्या शोधण्यात जातो, आणि बल्ब लागला नाही की चूक विचारात आहे की होल्डरमध्ये, ते मुलाला कळत नाही.

म्हणून प्रयोगपेटी कपाटात ठेवून कुलूप लावायचं का? मुळीच नाही. पुढच्याच तासाला ती काढा, कारण सिम्युलेशन काही बाबतींत चक्क खोटं सांगतं आणि ते खोटं मुलांनी पकडायला हवं. सिम्युलेशनमधली बॅटरी आदर्श आहे. मूळ मांडणीत तिला अंतर्गत रोध जवळपास नाहीच, म्हणून तिसरा-चौथा बल्ब समांतर जोडला तरी कोणी मंद होत नाही. टॉर्चचे जुने सेल आणि टॉर्चचेच बल्ब घेऊन हेच करा. प्रत्येक नव्या बल्बागणिक सगळे थोडे मंद होताना स्पष्ट दिसतील. का? मग सिम्युलेशनमध्ये बॅटरीचा अंतर्गत रोध वाढवायची सोय आहे ती शोधायला सांगा. दुसरं, सिम्युलेशनमधल्या बल्बाचा रोध स्थिर, पण खऱ्या बल्बाची तार तापली की रोध वाढतो. एकसरमध्ये ती कमी तापते, म्हणून खरी धारा निम्म्यापेक्षा जास्त भरते. तिसरं, सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉनचे निळे गोळे डोळ्यांना दिसतील अशा वेगाने आणि मोजता येतील इतकेच वाहतात. खरं तर १ अँपिअर धारा म्हणजे दर सेकंदाला ६.२४ गुणिले १० चा १८वा घात इतके इलेक्ट्रॉन. आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या धारेला ते सरासरीने तासाभरात जेमतेम १८ सेंटिमीटर सरकतात. मग कळ दाबताच दिवा कसा लागतो, हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. मी त्या प्रश्नाची वाट पाहत असतो.

बारा संगणक, पन्नास मुलं. एका संगणकावर चार जण बसवले तर दोन जण खिडकीबाहेर बघतात. अर्धा वर्ग संगणकावर आणि अर्धा वर्ग त्याच पाठाच्या खऱ्या साहित्यावर, दुसऱ्या तासिकेला अदलाबदल, ही मांडणी मला सगळ्यांत चांगली वाटते. मग दोघं-तिघं होतात. माऊस कोणाच्या हातात राहतो ते मात्र डोळ्यात तेल घालून बघा. मिश्र गटात तो मुलाच्या हातात जातो आणि मुलीकडे वही येते, हे मी इतक्या शाळांत पाहिलं आहे की आता मी मुलींचे गट वेगळेच करतो किंवा दर प्रश्नाला माऊस फिरवायला लावतो. माऊसवाल्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, शेजारची सांगेल ते करायचं, असा नियम केला की बोलणं आपोआप वाढतं. संगणक चालत नसतील आणि एकच प्रोजेक्टर असेल तरी अडत नाही. अंदाज, हात वर करून मोजणी, मग एका मुलीला पुढे बोलावून करायला लावणं, एवढं पुरतं. आपण स्वतः माऊस धरला की त्याचं पुन्हा व्याख्यान होतं. वीज गेली तर अंदाजाचा भाग तेवढ्यात उरकता येतो, त्याला वीज लागतच नाही.

कशासाठी सिम्युलेशन वापरू नये, हेही सांगतो. जे मुलाच्या हाताने, अंगणात, फुकट होतं ते स्क्रीनवर आणू नका. मटकीला मोड येणं, साबणाच्या पाण्याने हळदीच्या कागदावर होणारा परिणाम, पाणी उकळताना तापमापी बघणं, यांची सिम्युलेशन्स मिळतात आणि ती वेळेचा अपव्यय आहेत. शून्य सावलीचा दिवस महाराष्ट्रात मे महिन्यात येतो आणि मग पुन्हा जुलैच्या आसपास. मेमध्ये शाळेला सुट्टी असली तरी काठी रोवायला अंगण पुरतं. ती सावली नाहीशी होताना पाहिल्यावर मग स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये तीच तारीख, तेच गाव टाकून सूर्य पुढेमागे करून बघण्यात अर्थ आहे. स्क्रीनची गरज आहे ती जे फार सूक्ष्म, फार मोठं, फार सावकाश, फार धोक्याचं किंवा फार दूरचं आहे त्यासाठी: वायूचे रेणू, ग्रहांच्या कक्षा, चंद्रावरचा लंबक. ओलॅब्स हे अमृता विश्व विद्यापीठम आणि मुंबईच्या सी-डॅकचं ऑनलाइन प्रयोगशाळेचं साधन तुम्हाला माहीत असेल. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी कृती आणि निरीक्षणतक्ता समजून घ्यायला ते चांगलं आहे. पण त्यात बऱ्याच ठिकाणी वाट आखलेली असते, त्यामुळे समजूत हलवायच्या कामाला ते मी वापरत नाही.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही, पण जिच्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. प्रत्येक सिम्युलेशन म्हणजे कोणीतरी केलेलं जगाचं चित्र असतं, आणि त्यात काय घ्यायचं, काय वगळायचं हे त्या कोणीतरी ठरवलेलं असतं. अमेरिकेत १९७१ मध्ये मिनेसोटातल्या तीन प्रशिक्षणार्थी शिक्षकांनी इतिहासाच्या वर्गासाठी 'ओरेगॉन ट्रेल' हा गेम लिहिला. पश्चिमेकडे बैलगाड्यांतून निघालेल्या कुटुंबाचं धान्य, दारूगोळा, आजारपण सांभाळायचं. कित्येक पिढ्यांना तो प्रवास त्या गेममुळे कळला. पण तो कळला गाडीत बसलेल्यांच्या बाजूने. ज्यांच्या जमिनीवरून त्या गाड्या गेल्या, त्या मूळ रहिवाशांच्या हाती त्या गेममध्ये एकही निर्णय नव्हता. मुलाला तयार सिम्युलेशन देत राहिलं तर ते आतल्या नियमांना निसर्गच समजू लागतं. यावर मला एकच खात्रीचा उपाय माहीत आहे. वर्षातून एकदा तरी मुलांनी स्वतःचं सिम्युलेशन बनवावं.

त्याला प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. स्प्रेडशीट पुरते. आमच्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या शाळांसाठी मी पाण्याचा ताळेबंद घेतो, जसा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये गाव दरवर्षी मांडतं. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. एक कल्पित गाव घ्या: क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ४५० मिलिमीटर. म्हणजे ४५० कोटी लिटर. यातलं वापरायला किती उरतं, हा पहिला वाद. समजा मुलांनी ३० टक्के धरलं, तर १३५ कोटी. २,००० माणसांना रोजचे माणशी ५५ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ४ कोटी. आता पिकं. उसाला साधारण २,००० मिलिमीटर धरलं तर हेक्टरी २ कोटी लिटर, ज्वारीला ५०० धरलं तर ५० लाख. पत्रकात उसाच्या रकान्यात ६० हेक्टर टाका. १२० कोटी संपले. माणसांचं पाणी काढून ज्वारीला उरलं ते २२ हेक्टरपुरतं. ऊस शून्य करा, तर तेच पाणी २६२ हेक्टर ज्वारीला पुरतं.

हा आकडा समोर आला की वर्ग उसळतो, कारण निम्म्या घरांत ऊस असतो. "सर, ठिबक धरलं का?" "पिकावर थेट पडलेला पाऊस वेगळा मोजायला हवा ना?" "जनावरं कुठं आहेत?" "ज्वारीला भाव किती मिळतो ते टाका की." प्रत्येक हरकतीला माझं उत्तर एकच: रकाना वाढव. दोन-तीन तासांत त्या साध्या पत्रकाचं चांगलं गुंतागुंतीचं मॉडेल होतं. त्याच्या प्रत्येक रकान्यामागे कोणता अंदाज आहे, तो चुकला तर निकाल किती हलतो, हे मुलांना माहीत असतं. पावसाचा आकडा ३००वर आणला की काय होतं हे बघायला मग कोणी सांगावं लागत नाही.

पालकांसाठीही मला हेच उपयोगी पडलं आहे. पालकसभेत भाषण करून उपयोग होत नाही. त्यांच्यासमोर तेच दोन बल्ब काढा आणि हात वर करायला सांगा. इंजिनीअर पालकसुद्धा समांतर जोडणीच्या प्रश्नाला अडखळतात. मग एखाद्या मुलीला उठवून उत्तर समजावून द्यायला सांगा, आणि तिची वही फिरवा, पेनने लिहिलेल्या चुकीच्या अंदाजासकट. 'गेम खेळायला पाठवतो का' हा प्रश्न त्या सभेनंतर मला कोणी विचारलेला आठवत नाही.

आणि चाचणी. तासानंतर लगेच घेऊ नका, तेव्हा सगळ्यांना सगळं येतं. दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि सिम्युलेशनमध्ये न आलेली मांडणी कागदावर द्या: एक बल्ब मुख्य वायरीवर, त्याच्यापुढे दोन बल्ब एकमेकांना समांतर. सगळे सारखे. विचारा, समांतरमधला एक काढून घेतला तर उरलेल्या दोघांचा उजेड कसा बदलेल, आणि कारण लिहा. मुख्य वायरीवरचा मंद होतो आणि उरलेला दुसरा आधीपेक्षा उजळतो. नुसत्या उत्तराला शून्य गुण, कारणाला सगळे. कारणात 'एकूण रोध वाढला म्हणून धारा घटली' किंवा त्या अर्थाचं काही आलं तर तुमचा तास लागू पडला. 'एकाची वीज दुसऱ्याला मिळाली' असं आलं, तर त्या मुलांना पुन्हा एकदा सिम्युलेशनवर बसवा, आणि या वेळी अंदाज लिहून घेताना त्यांच्या शेजारी स्वतः बसा.